नॅशनल ज्यूकबॉक्स: कम्युनिटी रेडिओवरच्या पहिल्या अर्ध्या तासासाठी

अमेरिकेतल्या एखाद्या कम्युनिटी रेडिओवर पहिल्यांदाच माइकसमोर बसायचं आहे, विषय वर्णद्वेषाचा आहे आणि तो गाण्यांमधून मांडायचा आहे. एवढं ठरलं की बहुतेक जण थेट 1960 च्या दशकाकडे धावतात. नागरी हक्कांची चळवळ, मोर्च्यांतली गाणी, तिथून उडी हिपहॉपवर. त्यात चूक काही नाही. पण ती गाणी ऐकणाऱ्यांच्या कानांवरून अनेकदा गेलेली असतात, आणि त्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाचे हक्क कुणाच्या तरी मुठीत असतात. आमचा सल्ला असा की पहिला कार्यक्रम 1923 च्या आधीच्या तबकड्यांवर करावा आणि त्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ हा संग्रह वापरावा. तो फुकट आहे. त्यातल्या नोंदी भरवशाच्या आहेत. आणि त्यात जे सापडत नाही, त्यावरही कार्यक्रम उभा राहतो. तिसरं कारण आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

ज्यूकबॉक्स 2011 च्या मे महिन्यात सुरू झाला. सुरुवातीला त्यात व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीच्या 1901 ते 1925 या काळातल्या दहा हजारांवर तबकड्या होत्या. त्या कंपनीचे हक्क आता सोनीकडे आहेत आणि सोनीनं ऐकवण्याची परवानगी दिली, म्हणून हे जमलं. नंतर कोलंबिया, ओके अशा इतर कंपन्यांच्या तबकड्यांचीही भर पडली, पण कणा व्हिक्टरचाच राहिला. या सगळ्या तबकड्या कर्ण्यासमोर गाऊन, वाजवून कोरलेल्या. मायक्रोफोन वापरून ध्वनिमुद्रण 1925 मध्ये सुरू झालं. त्याआधी गाणारा कर्ण्यात तोंड घालायचा, आवाजाच्या धक्क्यानं सुई हलायची आणि मेणात चर पडायची. वीज नाही, आवाज वाढवण्याची सोय नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. मराठी रसिकाला ही मर्यादा नवी नाही. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहरजाननं याच बंधनात राग बसवला होता.

हक्कांचं गणित आधी समजून घ्यावं, कारण नवखा माणूस इथेच अडकतो. अमेरिकेत गाण्याची रचना आणि त्याचं ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. जुन्या ध्वनिमुद्रणांना 2018 पर्यंत देशपातळीवरचा कायदाच नव्हता, प्रत्येक राज्याचा वेगळा. 2018 च्या म्युझिक मॉडर्नायझेशन अ‍ॅक्टनं ते एका ओळीत आणलं. 1923 च्या आधी प्रसिद्ध झालेली सगळी ध्वनिमुद्रणं 1 जानेवारी 2022 ला मोकळी झाली, म्हणजे त्यांवर कुणाचा हक्क उरला नाही. 1923 ची 2024 ला, 1924 ची 2025 ला, 1925 ची 2026 ला, असा दर वर्षाला एक वर्षाचा हिशेब. 1947 ते 1956 मधल्यांना 110 वर्षं, आणि 1957 ते 15 फेब्रुवारी 1972 पर्यंतच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांना एकदम 2067 पर्यंत संरक्षण. म्हणजे चळवळीच्या काळातलं गाणं कार्यक्रमात घेऊन तो कार्यक्रम कायमचा इंटरनेटवर ठेवायचा असेल तर परवानगी मागत फिरा. 1920 ची तबकडी असेल तर कुणालाही विचारायला नको.

हवेतून, म्हणजे एफएमवर वाजवण्याचा प्रश्न सोपा आहे. अमेरिकेत साधं रेडिओ स्टेशन ध्वनिमुद्रणासाठी मानधन देत नाही, फक्त रचनेसाठी देतं, आणि ते आस्कॅप, बीएमआय वगैरे गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थांच्या वार्षिक परवान्यात येतं. गुंता होतो तो इंटरनेटवरच्या थेट प्रसारणाचा. ते सरकारी दरानं करण्यासाठी स्टेशनला अटी पाळाव्या लागतात: तीन तासांत एकाच अल्बममधली तीनपेक्षा जास्त गाणी नकोत, त्यातली लागोपाठ दोनपेक्षा जास्त नकोत, एका कलाकाराची चारपेक्षा जास्त नकोत, लागोपाठ तीनपेक्षा जास्त नकोत. कोणतं गाणं केव्हा लागणार हे आधी जाहीर करायचं नाही. पाच तासांपेक्षा छोटा कार्यक्रम नंतर ऐकण्यासाठी संग्रहात ठेवता येत नाही. नवखे लोक हौसेनं आदल्या दिवशी गाण्यांची यादी समाजमाध्यमावर टाकतात आणि स्टेशनच्या व्यवस्थापकाची झोप उडवतात. अख्खा कार्यक्रम मोकळ्या ध्वनिमुद्रणांचा असेल तर या अटी त्याला कायद्यानं लागू होत नाहीत. तरी बरीच स्टेशनं सगळ्यांना एकच नियम लावतात, म्हणून गाण्यांच्या नावांसोबत प्रत्येकाचं प्रकाशन-वर्ष लिहिलेला कागद आधीच हातात द्या.

आता संग्रहाबद्दल. ज्यूकबॉक्सची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे नोंद. प्रत्येक तबकडीच्या पानावर ध्वनिमुद्रणाची तारीख, ठिकाण, मॅट्रिक्स क्रमांक (मूळ साच्यावरचा क्रमांक), कितव्या खेपेचं ध्वनिमुद्रण, कोण गायलं, कोणी रचलं हे दिलेलं असतं. ही माहिती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सँटा बार्बरा शाखेत वर्षानुवर्षं चाललेल्या तबकडी-सूचीच्या कामातून आलेली आहे. रेडिओवर “साधारण 1910 च्या सुमारास” म्हणणं आणि “डिसेंबर 1909” म्हणणं यात विश्वासार्हतेचा फरक पडतो, आणि वर्णद्वेषावर बोलताना तो पडलाच पाहिजे. हा विषय काढला की तारखांवरूनच वाद घालणारे लोक फोन करतात.

शोधताना मात्र सरळ चालून भागत नाही. ‘ब्लॅक’ किंवा ‘आफ्रिकन अमेरिकन’ असा शोध दिलात तर हाती थोडंच येईल, कारण तबकडीच्या मूळ नोंदीत तशी नावं नाहीत. नावानं शोधा: फिस्क ज्युबिली, टस्कीगी, डिनविडी, युरोप्स सोसायटी ऑर्केस्ट्रा, बर्ट विल्यम्स. उलट, वंशांच्या नकला करणाऱ्या गाण्यांना तिथे स्वतंत्र वर्गवारी आहे आणि ती ओसंडून वाहते आहे. गोरे गायक कृष्णवर्णीयांची बोली ओढूनताणून बोलतात, त्यांना आळशी, चोरटे, खादाड दाखवतात. शीर्षकातच शिवी आहे अशा तबकड्या ढिगानं सापडतात. लायब्ररीनं पानावर सूचना लावलेली आहे की या ध्वनिमुद्रणांत आक्षेपार्ह भाषा असू शकते. सूचना बरोबर आहे, पण फार सौम्य आहे. ती वर्गवारी सलग तासभर ऐकली की कळतं, हा त्या काळातला मुख्य धंदा होता, अपवाद नव्हता.

आणि इथेच या संग्रहाची उणीव कार्यक्रमाचा विषय होते. 1901 ते 1920 या वीस वर्षांत व्हिक्टरकडे कृष्णवर्णीय कलाकार मोजके आले. एखादी चौकडी, विद्यापीठाची गायक मंडळी, एक नर्तक जोडीला साथ करणारा वाद्यवृंद, एक विनोदी नट. बाकी सगळं त्यांचं सोंग. पहिली जॅझ तबकडी म्हणून जी ओळखली जाते, ती 26 फेब्रुवारी 1917 ला व्हिक्टरनं न्यूयॉर्कमध्ये मुद्रित केली. वाजवणारे न्यू ऑर्लिन्सहून आलेले पाच गोरे तरुण. ज्यांनी ते संगीत घडवलं, त्यांना ध्वनिमुद्रणाच्या त्या दालनात जागा नव्हती. हे श्रोत्याला सांगायला दहा मिनिटांचं व्याख्यान लागत नाही. दोन तबकड्या शेजारी शेजारी लावल्या की पुरे.

पहिल्या कार्यक्रमासाठी एक तास मागू नका. अर्ध्या तासाचा, प्रत्यक्षात साडेअठ्ठावीस मिनिटांचा मागा. त्यात चार तबकड्या पूर्ण वाजवा. तीन-सव्वातीन मिनिटांची एक धरली तर साडेबारा मिनिटं जातात. नकलेच्या गाण्याचा तुकडा पंचवीस सेकंद. स्टेशनची ओळख, सूचना, सुरुवात आणि शेवट मिळून दीड मिनिट. उरतात चौदा मिनिटं. मिनिटाला 130 शब्द हा बोलण्याचा सावकाश वेग आहे, म्हणजे 1,800 शब्द. पण लिहा 1,700. पहिल्या दिवशी प्रत्येक जण एक तर धावतो नाही तर अडखळतो. शंभर शब्दांची मोकळीक दोन्हींना पुरते.

पहिली तबकडी फिस्क विद्यापीठाच्या चौकडीची असावी. व्हिक्टरनं डिसेंबर 1909 मध्ये त्यांची भजनं मुद्रित केली आणि त्यांतलं रथाचं भजन, ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’, 2002 मध्ये लायब्ररीच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत पहिल्याच यादीत गेलं. पार्श्वभूमी थोडक्यात द्या: गुलामगिरी संपल्यावर नॅशव्हिलमध्ये निघालेलं हे विद्यापीठ पैशाअभावी बंद पडायला आलं होतं, म्हणून 1871 च्या ऑक्टोबरमध्ये विद्यार्थ्यांचं गायकपथक दौऱ्यावर निघालं. बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले. आई-वडिलांची मळ्यावरची भजनं त्यांनी मैफलीत आणली आणि त्या पैशातून विद्यापीठाची इमारत उभी राहिली. 1873 मध्ये ते इंग्लंडात गात होते. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. निवेदक मराठी असेल तर हा धागा त्यानं जरूर सांगावा. तो ओढून आणलेला नाही. फुल्यांनी स्वतः जोडलेला आहे.

त्यानंतर नकलेचा तुकडा. हा पूर्ण वाजवू नका, आणि वाजवायचाच तर शिवी नसलेला भाग निवडा. पंचवीस सेकंदांत बोलीची थट्टा कानावर येते, तेवढं पुरे. तुकड्याच्या आधी साध्या शब्दांत सांगा: पुढे कृष्णवर्णीयांची टिंगल करणारं गाणं आहे, पंचवीस सेकंदांचं, का वाजवतोय ते लगेच नंतर सांगतो. कालावधी सांगणं महत्त्वाचं, कारण ज्याला ऐकायचं नाही तो आवाज कमी करतो आणि परत येतो. कालावधी नाही सांगितला तर तो स्टेशन बदलतो. शीर्षकातली शिवी माइकवर उच्चारू नका, “शीर्षकात अपमानास्पद शब्द आहे” म्हणा. पण स्टेशनच्या नोंदवहीत मूळ शीर्षक छापलं तसंच लिहा. तिथे बदल केला तर ती तबकडी नंतर कुणालाच शोधता येणार नाही.

दुसरी पूर्ण तबकडी बर्ट विल्यम्सची. बहामातल्या नासाऊचा, 1874 चा जन्म, 1901 मध्ये जोडीदार जॉर्ज वॉकरसोबत व्हिक्टरसाठी पहिल्यांदा गायला. त्वचा उजळ म्हणून त्याला रंगमंचावर चेहऱ्याला जळक्या बुचाची काजळी फासावी लागायची. कृष्णवर्णीय माणसानं कृष्णवर्णीयाचं सोंग घ्यायचं, तरच तिकिटं खपायची. 1910 मध्ये तो ब्रॉडवेवरच्या गोऱ्यांच्या सगळ्यात बड्या खेळात गेला, 1922 मध्ये वारला. त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं, ‘नोबडी’, कोलंबियानं 1906 मध्ये मुद्रित केलं आणि 1913 मध्ये पुन्हा. ते निम्मं बोललेलं आहे. आवाज कुठे थांबतो, कुठे खाली पडतो, त्यातच सगळं दुःख आहे. म्हणून त्याच्यावर एक शब्दही बोलू नका. नवखे निवेदक गाण्याच्या सुरुवातीवर आणि शेवटावर बोलायची सवय व्यापारी रेडिओवरून उचलतात. इथे ती सवय म्हणजे ज्याला तीन मिनिटं मिळाली, त्याची दहा सेकंदं पुन्हा काढून घेणं आहे.

तिसरी तबकडी जेम्स रीस युरोप यांच्या वाद्यवृंदाची. 1912 च्या मे महिन्यात त्यांच्या क्लेफ क्लबनं, म्हणजे कृष्णवर्णीय वादकांच्या संघटनेनं, कार्नेगी हॉलमध्ये मैफल केली आणि 29 डिसेंबर 1913 ला व्हिक्टरच्या न्यूयॉर्कमधल्या दालनात त्यांनी नाचाच्या चार चिजा मुद्रित केल्या. वेग बघा, ढोल आणि झांजा बघा. कर्ण्याच्या त्या काळात ढोल मुद्रित करणं अवघड होतं, सुई चरीतून उडायची, तरी इथे ते ठळक आहेत. त्या हिवाळ्यात कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांचं पहिलं वर्ष चालू होतं, त्याच शहरात. त्यांनी हे ऐकलं असं आम्ही म्हणत नाही. ते ज्या न्यूयॉर्कमध्ये राहत होते, ते कसं वाजत होतं एवढं यातून कळतं.

युरोप पुढे 369 व्या पायदळ पलटणीचे बँडप्रमुख झाले. कृष्णवर्णीय सैनिकांची ती पलटण अमेरिकेनं फ्रेंचांच्या हाताखाली देऊन टाकली. 17 फेब्रुवारी 1919 ला ती पाचव्या अ‍ॅव्हेन्यूवरून संचलन करत परतली आणि त्याच उन्हाळ्यात देशभर कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले. मार्च आणि मे 1919 मध्ये या बँडनं पाथे कंपनीसाठी तबकड्या केल्या. 9 मे ला बोस्टनमध्ये युरोप यांचा खून झाला, त्यांच्याच एका वादकाच्या हातून. त्या पाथे तबकड्या ज्यूकबॉक्समध्ये शोधत बसू नका, इंटरनेट अर्काइव्हवर किंवा सँटा बार्बराच्या सूचीत शोधा. आणि एक तांत्रिक इशारा. व्हिक्टरच्या चरीत सुई आडवी हलते, त्या काळच्या अमेरिकी पाथेत वर-खाली. कुणी आधुनिक स्टिरिओ सुईनं पाथे तबकडी उतरवून फाइल तशीच ठेवली असेल आणि तुम्ही डावी-उजवी वाहिनी एकत्र केलीत, तर संगीत जवळपास नाहीसं होतं आणि खरखर उरते. तसं झालं तर एका वाहिनीचा फेज उलटा करा, ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘इन्व्हर्ट’, आणि मग एकत्र करा. व्हिक्टर, कोलंबियाच्या बाबतीत याच्या बरोबर उलट: वाहिन्या सरळ एकत्र केल्या की खरखर कमी होते.

फाइल तयार करताना सगळ्यात जास्त नुकसान होतं ते साफसफाईच्या हौसेनं. कर्ण्याच्या तबकडीत साधारण दोनशे ते अडीच हजार हर्ट्झ एवढाच ऐवज असतो. 100 हर्ट्झच्या खालचं कापा, ती यंत्राची घरघर आहे. पाच हजारांच्या वरचं कापा, तिथे गाणं नाही. ठळक टिकटिक असेल तर क्लिक काढायची सोय एकदा फिरवा. नॉइज रिडक्शन लावायचंच तर गाणं सुरू होण्यापूर्वीच्या एक-दोन सेकंदांचा नमुना घ्या आणि 6 डेसिबलवर थांबा. 12 वर नेलंत की आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो आणि स, श, फ यांसारखी व्यंजनं जातात. ती आधीच अर्धमेली असतात, कारण त्यांची ऊर्जा वरच्या कंप्रतेत असते. या कार्यक्रमात शब्द हाच पुरावा आहे; खरखर चालेल, पण शब्द जाता कामा नये.

सुईची खरखर गाण्याच्या आधी दोन सेकंद ऐकू द्या. श्रोत्याचा कान तेवढ्यात जुळतो. नाही तर पहिली ओळ वाया जाते. शेवटी मात्र सव्वा-दीड सेकंदात फेड करा, म्हणजे आवाज उतरवत शून्यावर आणा. स्टेशनच्या प्रक्षेपणसाखळीत आवाज आपोआप वर-खाली करणारं यंत्र असतं. गाणं संपून नुसती खरखर उरली की ते तिला शांत भाग समजतं आणि उचलून घेतं. गाडीत बसलेल्याला वाटतं रेडिओ बिघडला. आवाजाची पातळी लावताना मीटरवर विसंबू नका. सार्वजनिक रेडिओत -24 एलयूएफएसचा (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं एकक) दंडक आहे, तुमच्या स्टेशनचा वेगळा असू शकतो, विचारून घ्या. पण आकडा सारखा केला तरी जुनी तबकडी निवेदनापेक्षा मोठी वाटते, कारण तिचं सगळं बळ कानाला सर्वात टोचणाऱ्या पट्ट्यात एकवटलेलं असतं. ती निवेदनाच्या दोन-तीन डेसिबल खाली ठेवा. सूर किंचित उतरलेला वाटला तर वेगाशी खेळू नका. मिनिटाला 78 फेऱ्यांचा वेग तेव्हा पक्का ठरलेला नव्हता. 76 फेऱ्यांची तबकडी 78 ला फिरवली तर सूर जवळपास पाव स्वरानं चढतो, आणि मूळ वेग काय होता हे अंदाजानं ठरवणं नवख्याचं काम नाही. उतरवून घेतलेली एमपी3 पुन्हा एमपी3 म्हणून साठवू नका. एकदा उघडलीत की 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिटची वेव्ह करा, मोनो ठेवा आणि तीच स्टेशनला द्या.

शब्द उतरवताना वेग ऐंशी टक्क्यांवर आणा, सूर न बदलता. तरी चुकीचं ऐकू येतंच, म्हणून छापील स्वरलिपीशी ताडून बघा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा लेव्ही संग्रह आणि ब्राउन विद्यापीठाचा आफ्रिकन-अमेरिकन गाण्यांच्या छापील प्रतींचा संग्रह, दोन्ही ऑनलाइन आहेत. तिथली मुखपृष्ठं पाहिली की नकलेच्या गाण्यांबद्दल वेगळं समजावून सांगावं लागत नाही. गायक आणि छापील प्रत यांत फरक आढळला तर तो टिपून ठेवा. बर्ट विल्यम्ससारखा माणूस कुठे शब्द बदलतो, हे सांगण्यासारखं असतं.

आता ज्यूकबॉक्सचे दोष. शोधयंत्र लायब्ररीच्या अवाढव्य संकेतस्थळाचा भाग असल्यामुळे एका नावावर नकाशे, छायाचित्रं, वर्तमानपत्रं असं सगळं अंगावर येतं. आधी संग्रह निवडून मगच शोध द्या. मोकळ्या झालेल्या तबकड्या उतरवून घेता येतात, बाकीच्या फक्त ऐकता येतात, आणि हा फरक पान उघडल्याशिवाय कळत नाही. गाण्यांचे शब्द सहसा दिलेले नसतात. पण सगळ्यात मोठा दोष संदर्भाचा. आक्षेपार्ह भाषेची तीच एक सूचना शिवीच्या गाण्यावर आहे आणि फिस्कच्या भजनाच्या शेजारीही आहे. कोण कुणाची थट्टा करतंय, कोणाला दालनात घेतलं, कोणाला नाही, हे सांगणारा परिच्छेद प्रत्येक तबकडीला हवा होता. तो तुम्हाला लिहावा लागतो. म्हणून आम्ही याला पाचपैकी चार देतो, आणि तो एक गुण कापताना मन कचरत नाही.

इंटरनेट अर्काइव्हवरचा 78 च्या तबकड्यांचा संग्रह कितीतरी मोठा आहे आणि एकाच तबकडीचे वेगवेगळ्या सुयांनी केलेले नमुने तिथे मिळतात, हे खरंच कामाचं. मात्र तिथे ठेवलेली प्रत्येक गोष्ट मोकळी नसते, आणि वर्ष अनेकदा अंदाजानं लिहिलेलं असतं. तिथून आवाज घ्या, तारीख सँटा बार्बराच्या सूचीतून घ्या.

भारतातल्या कम्युनिटी रेडिओवर असा कार्यक्रम करायचा तर पद्धत हीच, कायदा वेगळा. आपल्याकडे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यानंतर 60 वर्षांनी मोकळं होतं, म्हणून या सगळ्या तबकड्या इथे कधीच मोकळ्या आहेत. रचनेसाठी मात्र कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं मोजावी लागतात. बातम्यांवर बंधन असल्यामुळे चालू घटनांवर भाष्य करताना जपावं लागतं. शंभर वर्षांपूर्वीच्या गाण्यांवर बोलताना ती अडचण येत नाही. तेलंगणातल्या माचनूरला 2008 पासून दलित महिला स्वतः चालवत असलेलं संगम रेडिओ आहे, माणदेशात म्हसवडला माणदेशी तरंग आहे. जलशाची गाणी आणि फिस्कची भजनं एकामागून एक लावून ऐकवायला याहून योग्य जागा सुचत नाही.

चौथी तबकडी राहिली. मेमी स्मिथ यांनी 10 ऑगस्ट 1920 ला ओके कंपनीसाठी गायलेलं ब्लूज, ‘क्रेझी ब्लूज’. रचना पेरी ब्रॅडफर्ड यांची; कृष्णवर्णीय गायिकेचं कृष्णवर्णीयांना विकता येईल असं गाणं आहे हे कंपन्यांना पटवण्यात त्यांच्या चपला झिजल्या होत्या. तबकडी तुफान खपली. त्यानंतर कंपन्यांनी ‘रेस रेकॉर्ड्स’ अशी वेगळी यादीच काढली. दार उघडलं, पण ते मागचं दार होतं. पुढच्याच वर्षी हार्लेममध्ये हॅरी पेस यांनी ब्लॅक स्वान ही कृष्णवर्णीयांची स्वतःची कंपनी काढली. 1946 मध्ये ज्या कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना आंबेडकरांनी अस्पृश्य आणि निग्रो यांच्या स्थितीतल्या साम्याबद्दल पत्र लिहिलं, तेच डु बॉइस या कंपनीच्या संचालक मंडळावर होते. 1924 पर्यंत कंपनी दुसऱ्याच्या हातात गेली.

पण ज्यूकबॉक्सचा कणा असलेल्या व्हिक्टरनंही 1920 च्या जानेवारीत मेमी स्मिथची चाचणी घेतली होती. आवाज मेणात कोरला, आणि तबकडी काढली नाही. ही नोंद माइकवर वाचा: तारीख, कंपनी, “प्रसिद्ध झाली नाही”. मग पाच सेकंद काहीही वाजवू नका. त्यापेक्षा जास्त नको. बहुतेक स्टेशनांवर शांतता पकडणारं यंत्र असतं आणि ठरलेली सेकंदं उलटली की ते आपोआप दुसरंच काही लावतं. ती मर्यादा किती ठेवली आहे ते अभियंत्याला आदल्या दिवशी विचारून घ्या, संहितेत समासात लिहून ठेवा, आणि सहाव्या सेकंदाला ऑगस्टची तबकडी सोडा.